चिमूटभर धूप

दौंडला आम्ही त्या पिक्चरांना ‘घागरेवाले’ म्हणायचो. खरं नाव कुणाच्या लक्षात राहत नसे, आणि राहिलं तरी कुणाच्या जिभेवर बसत नसे. पोस्टरवर गुडघ्याच्या वर घागरा घातलेला, दंडावर पितळी कडं चढवलेला एक गोरा शिपाई छाती फुगवून उभा असला, मागे शहर जळत असलं आणि कोपऱ्यात सिंहाचा जबडा असला, की काम झालं. रोमचा राजा, त्याचे गुलाम, लोकांच्या करमणुकीसाठी एकमेकांना तलवारीने मारणारे पहिलवान आणि तळघरात लपून येशूची प्रार्थना करणारी गरीब माणसं, एवढा मालमसाला प्रत्येकात ठरलेला. अमेरिकेत हे पिक्चर पंधरा-वीस वर्षांपूर्वीच येऊन गेले होते. मुंबई-पुण्याची थिएटरं फिरून, ओरखडे पडून, जागोजागी चिकटवून ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्यापर्यंत पोचले. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट वीस वर्षं उशिरा आली तर कुठे बिघडलं?

माझा भाचा सिनेमातलं फार जाणतो. तो मला सांगतो, मावशी, ते संगमरवरी खांब प्लास्टरचे असायचे, आणि सिंहाला आधीच पोटभर खायला घातलेलं असायचं. अरे, मला सांगतोस? तो सिंह जेवून उठलेल्या माणसासारखा जांभया देत यायचा, ते आम्हाला तेव्हाही दिसत होतं. तरी त्याने पाऊल पुढे टाकलं की पुढच्या बाकावरचे बाप्ये पाय वर घ्यायचे. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, चांगले म्हणतात ते पुष्कळ सिनेमे पाहिले, पण जीव अडकला तो घागरेवाल्यांतच. त्याला कारण आहे.

थिएटर पत्र्याचं होतं, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. रविवारी सकाळी दहाचा खेळ इंग्रजी पिक्चरचा, तिकीट कमी. वडील लोकोशेडमध्ये फिटर होते. रविवारी सुट्टी असली की ते कोपरापर्यंत साबण लावून कोळसा धुवायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे आणि मला घेऊन निघायचे. थिएटरात बायकांची बाजू वेगळी, मध्ये कमरेएवढी भिंत. आतमध्ये एकच मशीन होतं, त्यामुळे दर वीस मिनिटांनी रीळ संपायचं, दिवे लागायचे, आणि ऑपरेटर दुसरं रीळ चढवेपर्यंत पब्लिक शेंगा फोडत बसायचं. त्या वेळात डोअरकीपर पडद्यापुढे उभा राहून झालेली गोष्ट मराठीत सांगायचा. तो शनिवारी पुण्याहून फिल्मच्या पेट्या आणायला जायचा, तिथे कुणाकडून तरी ऐकून यायचा. त्याचं सांगणं थोडक्यात असे. “ह्यो राजा. हरामखोर हाय. ती पांढऱ्या लुगड्यातली त्याची बायकू न्हाई, पोरगी बी न्हाई. फुडं सिंव्ह हाय, ल्हान पोरं सांभाळा.” एवढ्यावर आमचं भागायचं.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षीची ही गोष्ट. मला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं. वडिलांनी फॉर्म आणून, भरून, ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला होता, आणि तो पाठवायला एक आठवडा उरला होता. अडचण होती आबांची. आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, वडील त्यांना दादा म्हणत. ते निमोण्याला शेती करायचे. आजोबा लवकर गेले, तेव्हा आबांनी स्वतःची शाळा सोडून वडिलांना वाढवलं आणि रेल्वेत चिकटवलं. आबांनी नाही म्हटलं की वडिलांच्या तोंडून हो निघायचं नाही. आणि आबांनी शिरूरच्या बाजूचं एक स्थळ माझ्यासाठी बघून परस्पर शब्द देऊन टाकला होता. मुलगा एस.टी.त कंडक्टर, पगारदार, नावं ठेवायला जागा नाही. शनिवारी आबा तारीख ठरवायलाच दौंडला आले. फॉर्मचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांचा बेत असा, की रविवारी दादांना पिक्चरला न्यायचं, खूष करायचं आणि परत येताना वाटेत विषय काढायचा. इंजिनाच्या पोटात शिरून ठोकाठोक करणारा माणूस, पण भावापुढे त्याला बेत करावे लागत.

त्या रविवारी डोअरकीपर यवतच्या जत्रेला गेलेला. पहिलं रीळ संपलं, दिवे लागले, पब्लिक ओरडायला लागलं. मॅनेजर पडद्यापुढे येऊन म्हणाला, “कुनाला इंग्रजी येतं का?” दौंडला इंग्रजी येणारी माणसं होती, रेल्वे कॉलनीतली ख्रिस्ती ड्रायव्हर मंडळी, पण रविवारी सकाळी ती चर्चमध्ये असायची. कुणी हलेना. मग पुरुषांच्या बाजूने माझे वडील उठले.

“माझी पोरगी मॅट्रिक हाय! इंग्रजीत समद्या साळंत पैली!”

त्या वीस मिनिटांत मला फक्त ‘किंग’ आणि ‘वॉटर’ हे दोन शब्द कळले होते. आमचे सर इंग्रजी धडा मोठ्याने वाचायचे आणि लगेच अर्थ सांगायचे. पडद्याबाहेर इंग्रजी बोलणारं माणूस मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते लोक तर तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलत होते. पण वडील मान ताठ करून आबांकडे बघत होते, आणि आबा माझ्याकडे. मी पुढे गेले आणि थाप मारली.

पिक्चरमध्ये एक दाढीवाला म्हातारा गुलाम होता. तो काठीने वाळूत मासा काढायचा, आणि समोरचा माणूस तो पायाने पुसून टाकायचा. मी सांगितलं, “हे लोक मासेमारी करणारे आहेत. राजाने नदीत जाळं टाकायला बंदी केली आहे, म्हणून ते चोरून भेटतात.” लोकांना हे एकदम पटलं. तिसऱ्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, “आपल्याकडं बी धरनावर तसंच करत्यात.” आता आठवलं की कान गरम होतात. मासा ही त्या ख्रिस्ती लोकांची एकमेकांना ओळखायची खूण होती, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी कळलं.

एकदा थाप खपली की जीभ सैल सुटते. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या रिळानंतर मी राजाला भाऊबंदकी दिली, शिपायांच्या कप्तानाला सावत्र आई दिली, पांढऱ्या साडीतल्या मुलीचं लग्न मोडलं. बायका हळहळल्या. वडिलांच्या चेहऱ्यावरचं तेज बघून मला लाज वाटत होती, आणि थांबवतही नव्हतं.

मग जे रीळ लागलं ते समजायला माझी गरज नव्हती. भलं मोठं गोल मैदान, चहूबाजूंनी माणसं. खाली राजाचा पुतळा, त्याच्यापुढे पेटलेली शेगडी. पकडलेल्या लोकांना रांगेत उभं केलेलं. एक शिपाई ताटलीतला चिमूटभर धूप पुढे करतो. ती चिमूट शेगडीत टाकली की माणूस सुटला, नाही तर पलीकडे सिंह. दोघांनी डोळे मिटून ती टाकली आणि ते सुटले. म्हाताऱ्याची पाळी आली. त्याने ताटलीकडे पाहिलं, पुतळ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. शिपायांचा कप्तान, त्याच्या उजव्या हाताला पट्टी बांधलेली, त्याला हात जोडून विनवतो. म्हातारा मान हलवतो आणि चालत सिंहाकडे जातो. थिएटरात शेंगा फोडायचा आवाज थांबला होता. दिवे लागले तेव्हा आबा धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत होते.

आबा का हलले ते मला ठाऊक होतं. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी घरातले देव घोडनदीत सोडले. पुढच्या जत्रेला गावातली चार जाणती माणसं दारात आली आणि गोडीत म्हणाली, तुझ्या मनात काय असंल ते असू दे, नुसता एक नारळ देवळाच्या पायरीवर ठेव, कुणी काही विचारणार नाही. आबांनी ठेवला नाही. त्यानंतर वर्षभर कुणी कामाला बोलावलं नाही की दुकानातून मीठ दिलं नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत. वडील सांगायचे, तेही आबा घरात नसताना.

पुढचं रीळ सुरू झालं, आणि तळघरात, दिव्याच्या उजेडात, सगळ्यांना भाकरी वाटत तोच म्हातारा बसलेला!

थिएटरात गलका झाला. कसंबसं ते रीळ संपलं आणि बायका माझ्यावर तुटून पडल्या. “आगं, म्हातारा जित्ता कसा? सिंव्हानं खाल्ला की!” सकाळपासून अडले नव्हते, आता कशी अडू? मी म्हणाले, “त्यांच्या देवाने त्याला उठवला. त्यांच्यात तसा चमत्कार होतो.” माझ्या शेजारच्या म्हातारीने पडद्याला हात जोडले.

“कुनी उटवला?” पुरुषांच्या बाजूने आबा उभे राहिले होते. “कुनी उटवला म्हनलीस?”

आबा बाकांमधून वाट काढत बाहेर निघून गेले. मागोमाग वडील, आणि त्यांच्यामागे मी.

बाहेर पडवीत आबा काठी आपटत उभे होते. “हेच शिकवत्यात का साळंत? मेलेला मानूस उटतो?”

“दादा, पिक्चर हाय त्यो,” वडील म्हणाले.

“तू गप. म्हाताऱ्यानं धूप टाकला न्हाई. जीव गेला तरी टाकला न्हाई. आन् ही म्हनती देवानं उटवला. मंग त्यानं गमावलं काय? परत उटनार ठाव असतं तर कुनी बी गेलं असतं सिंव्हापुढं!” त्यांनी पुन्हा काठी आपटली. “मॅट्रिकपातूर शिकून ह्येच कळलं आसंल तर आता बास झालं शिकनं.”

त्यांना फॉर्मचं काही माहीत नव्हतं, तरी घाव बरोबर तिथेच बसला. मी वडिलांकडे पाहिलं. ते काही बोलणार नव्हते. अजूनही एक वाट होती. आबांची माफी मागायची, पिक्चरमध्येच तसं म्हटलंय म्हणायचं आणि वेळ मारून न्यायची. पण त्या म्हाताऱ्याचे पाठीमागे बांधलेले हात मीही पाहिले होते, आणि त्याच्या मरणावर मीच बोळा फिरवला होता. मला स्वतःचा इतका राग आला, की सगळं खरं तोंडातून बाहेर पडलं.

“आबा, देवानं उठवला असं पिक्चरमध्ये कुणीच म्हनलं न्हाई. मी म्हनले. मला त्यांचं इंग्रजी कळत न्हाई. पयल्यापासनं सगळं मनानंच सांगितलंय. मासेमारी बी.”

वडिलांनी खाली पाहिलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे मला कळत होतं, पण त्याहून वाईट वाटलं ते वडिलांचं. आतापर्यंत त्यांनी माझ्याबद्दल जिथे जिथे बढाई मारली होती ती सगळी ठिकाणं मला आठवली.

आबा माझ्या जवळ आले आणि म्हणाले, “मंग म्हातारा जित्ता कसा?”

ते चिडून विचारत नव्हते. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

“मला माहीत न्हाई,” मी म्हणाले. आणि म्हटल्याबरोबर डोकं चालायला लागलं. कप्तानाचा हात! मैदानात त्याच्या हाताला पट्टी होती. तळघरातल्या रिळात हात धडधाकट होता, आणि रिळाच्या शेवटी शिपायांच्या झटापटीत त्याला जखम झाली. “आबा, पट्टी आधी आली आन् जखम मागनं! रिळं उलटी लागली आसतील. तळघर आधी, सिंव्ह नंतर.”

आबांनी काठी उचलली आणि थेट ऑपरेटरच्या केबिनच्या लोखंडी जिन्याकडे वळले. “चल, इचारू त्याला.”

ऑपरेटर घामाने निथळत होता. बाईमाणूस आणि काठीवाला म्हातारा केबिनमध्ये शिरलेले बघून तो गडबडला. मी पट्टीचं आणि जखमेचं सांगितलं. त्याने दोन्ही डबे उचलून बघितले. डब्यांवरचे कागद खळीने चिकटवलेले, आणि ती खळ झुरळांनी खाल्लेली. दोन कागद गळून खाली पडले होते आणि त्याने ते अंदाजाने लावले होते. फिल्मचं टोक दिव्यापुढे धरून त्याने बारीक आकडे वाचले आणि जीभ चावली. “पोरगी म्हन्ती त्ये खरं हाय, मामा. म्हातारा आता मरायचा हाय.”

“मंग मरू द्या त्याला नीट,” आबा म्हणाले.

मॅनेजरला चूक कबूल करायची नव्हती. त्याने पडद्यापुढे येऊन जाहीर केलं, की पब्लिकच्या मागणीवरून सिंह पुन्हा एकदा दाखवण्यात येत आहे. पब्लिकने शिट्ट्या वाजवल्या. एका तिकिटात दोनदा सिंह दौंडमध्ये कुणाला मिळाला होता? या वेळी म्हातारा गेला तेव्हा आबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मोकळेपणी रडले. मीही रडले. आज म्हातारपणी कबूल करते, असलं रडू मला कुठल्याच मोठ्या सिनेमाने आणलेलं नाही.

त्यानंतरच्या प्रत्येक रिळाला मी जेवढं दिसलं तेवढंच सांगितलं. “राजा चिडला. का चिडला, ते मला कळलं नाही.” लोक नाराज झाले. बाहेर पडताना एक बाई मला म्हणाल्या, “सुरवातीला लई झ्याक सांगत व्हतीस की गं. मागनं काय झालं?”

घरी आईने आबा आले म्हणून मटण केलं होतं. जेवताना कुणी बोलेना. आईला वाटलं मीठ जास्त झालं. मग वडिलांनी ताटातला हात तसाच थांबवला आणि मान खाली घालून म्हणाले, “दादा, पोरीला पुन्याला शिकाया जायाचंय. फारम भरून ठिवलाय. म्याच भरलाय.”

आजवर त्यांनी आबांपुढे एवढं लांब वाक्य म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते.

आबांनी घास संपवला. “इंग्रजी येत न्हाई तिला.”

“न्हाई,” वडील म्हणाले.

“येत न्हाई म्हनाया मातर येतंय. म्हंजी फुडचं शिकंल.”

आई चुलीपासून म्हणाली, “आन् तुमी सबूद दिलाय त्याचं वो?” आबांचा शब्द म्हणजे काय, ते आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आबांनी हात धुतले, कोट चढवला आणि काठी घेतली.

मी त्यांची पिशवी घेऊन स्टँडवर गेले. नेहमी ते निमोण्याची गाडी धरायचे. त्या दिवशी शिरूरच्या गाडीत चढले. स्थळाचं गाव त्या वाटेवर होतं, हे माझ्या लक्षात आलं. खिडकीतून पिशवी आत देताना मी विचारलं, “आबा, काय सांगाल त्यांना?”

“खरं त्ये सांगीन. पोरीला इचारायचं ऱ्हाऊन गेलं व्हतं म्हनून.” त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, तोंडाशी गाठ मारली, आणि मग काही तरी आठवल्यासारखं माझ्याकडे वळून पाहिलं. “आजून बी इचारलं न्हाईच की. जायाचंय का तुला पुन्याला?”

घरात माझ्या शिक्षणावर आणि लग्नावर इतकं बोलणं झालं होतं, पण हे मला कुणीच विचारलं नव्हतं, वडिलांनीसुद्धा नाही. मी खिडकीचा गज घट्ट धरला. आबा खिडकीतून वाट बघत राहिले. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली, तशी मी खिडकीबरोबर धावत सुटले आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, “व्हय आबा, व्हय! जायाचंय!”